नकाशाचा रंग आणि गावाची संमती

इ. स. १५२६ च्या सप्टेंबर महिन्यात पोर्तुगीज राजाचा गोव्यातील महसूल-अधिकारी अफोंसो मेशिया याने तिसवाडी बेटावरील गावांच्या चालीरीती, हक्क आणि देणी यांची एक लेखी सनद सिद्ध केली. आल्बुकेर्कने गोवा जिंकल्याला तेव्हा सोळा वर्षे झाली होती. नव्या राज्यकर्त्यांना वसूल हवा होता, आणि वसूल घ्यावयाचा तर तो कोणाकडून, कोणत्या प्रमाणात आणि कोणत्या रूढीने, हे आधी माहीत असणे अवश्य होते. ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या दस्तऐवजाच्या आरंभी एक आख्यायिका दिली आहे: पैलतीरावरून चार पुरुष एका ओसाड बेटावर आले, त्यांनी ते लागवडीस आणले, वस्ती वाढविली, आणि त्यांचे वंशज पुढे गांवकार म्हणून ओळखले जाऊ लागले. इतिहास म्हणून या कथेला फारसे मोल नसेलही. परंतु तलवारीच्या बळावर आलेल्या एका परकीय सत्तेने आपल्या अगदी आरंभीच्या महसुली कागदातच जमिनीवरील आद्य हक्क ती लागवडीस आणणाऱ्यांचा होता असे नमूद करून ठेवावे, आणि पुढे चारशेहून अधिक वर्षे त्याच सत्तेने त्या हक्काचे एकेक अंग हळूहळू छाटत न्यावे, हा योग गोव्याच्या इतिहासात विलक्षण आहे. त्याच फोरालात ताळगावच्या गांवकारांचा एक मान नोंदलेला आहे: नव्या भाताची कापणी प्रथम त्यांनी करावयाची, पहिली कणसे वाजतगाजत नेऊन अर्पण करावयाची, आणि मगच इतर गावांनी विळा हाती घ्यावयाचा. ताळगाव आज पणजीचे उपनगर आहे. कणसांचा सण अजून ऑगस्टमध्ये होतो. ज्या शेतांसाठी तो मान होता त्यांतील बरीच शेते मात्र आता इमारतींच्या पायाखाली गेली आहेत. २००६ साली ज्या प्रादेशिक आराखड्याने साऱ्या गोव्यात वणवा पेटविला, त्या आराखड्याच्या वेळचे नगरनियोजन मंत्री आतानासियो ऊर्फ बाबूश मोन्सेरात हे याच ताळगावचे आमदार होते. योगायोगाला अर्थ नसतो, हे मान्य करूनही इतिहासलेखकाला तो नोंदल्यावाचून राहवत नाही.

गांवकारीची रचना समजून घेतल्यावाचून पुढील कलहाचे स्वरूप उमगणार नाही. गावातील मूळ घराण्यांचे वांगड असत; त्या वांगडांच्या पुरुषांची सभा गावाच्या समाईक जमिनीचा कारभार पाही. शेते ठराविक मुदतीने पावणी, म्हणजे लिलाव, करून लागवडीस दिली जात. आलेल्या उत्पन्नातून आधी राज्याचा खंड भागविला जाई, मग देवस्थानाचा आणि धर्मांतरानंतर चर्चचा खर्च, बांधबंदिस्ती, रखवालदार आणि बलुतेदार यांची तरतूद होई, आणि जे उरेल ते ‘जोण’ म्हणून गांवकारांत वाटले जाई. पोर्तुगीजांनी या संस्थेस कोमुनिदाद हे नाव दिले, तिच्यासाठी एकामागून एक कायदेसंहिता केल्या, तिच्यावर सरकारी देखरेख बसविली, तिच्या सभेचे निर्णय प्रशासकाच्या मंजुरीवर टांगले. तथापि जमीन गावाची, ती व्यक्तीची किंवा राजाची नव्हे, हे मूळ तत्त्व त्यांनी सर्वस्वी मोडले नाही. १९०४ ची कोमुनिदाद संहिता वाचली की एका संस्थेला जिवंत ठेवून तिचा प्राण तेवढा काढून घेण्याचे प्रशासकीय कौशल्य किती परिणतीला पोहोचले होते, ते ध्यानी येते.

या व्यवस्थेचे सर्वांत मोठे कर्तृत्व कागदावर आढळत नाही. ते मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठांवर, भरतीच्या पाण्यापासून हिरावून घेतलेल्या खाजन जमिनींत आढळते. अशी सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन गोव्यात आहे असे मानतात, आणि सहाव्या शतकाच्या सुमारास दिलेल्या एका ताम्रपटातही खाजनभूमीच्या दानाचा उल्लेख येतो, यावरून ही विद्या किती पुरातन आहे याची कल्पना यावी. समुद्रसपाटीच्या बरोबरीची, कोठे तर तिच्याहूनही खालची ही जमीन. चिखल, जांभा दगड आणि पेंढा यांचे बांध घालून ती राखावयाची. बांधाच्या मोक्याच्या ठिकाणी मानस, म्हणजे लाकडी झडपांचा दरवाजा बसवावयाचा. भरती चढू लागली की खाऱ्या पाण्याच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या गोड्या पाण्याचा दाब त्या उघडतो आणि पावसाचे साचलेले पाणी नदीत जाते. बांधाच्या आत पाणी खेळविणारी पोंय असते. तिच्यात मासळी वाढते, आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती धरली जाते. पावसाने वरच्या थरातील क्षार धुऊन नेला की शेतात कोरगूट हे खारवट मातीतही तग धरणारे भात पेरतात. मानशीतील मासळीचा हक्क पावणीने विकला जाई, आणि त्या पैशातून बांधांची डागडुजी होई. मासे, मीठ आणि भात यांचे हित एकाच दरवाजाच्या उघडझापीवर अवलंबून ठेवणारी ही योजना होती. मानस जरा जास्त वेळ उघडी ठेवली तर मासळीच्या ठेकेदाराचा लाभ आणि भातवाल्याची हानी. म्हणून तिच्यावर साऱ्या गावाची नजर असे. बांध फुटला तर एकाचे शेत बुडत नाही, साऱ्या पट्ट्याचे बुडते. अशा भूमीवर ‘माझी जमीन, मी तिचे हवे ते करीन’ ही भाषा मुळातच अशक्य होती, आणि गोवेकराच्या जमिनीविषयीच्या जाणिवेत जे काही सामुदायिक आहे, त्याचा उगम मला कोणत्याही संहितेपेक्षा या बांधांत अधिक दिसतो.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. अलीकडील आंदोलनांच्या भाषणांतून गांवकारीचे जे चित्र रंगविले जाते, ते एखाद्या आद्य लोकशाहीचे असते. वस्तुस्थिती तशी नव्हती. सभेत बसण्याचा अधिकार जन्माने मिळे, तो पुरुषांपुरता असे, आणि ज्यांच्या घामाने बांध उभे राहत ती कुळे, मुंडकार व मजूर त्या सभेच्या उंबरठ्याबाहेर असत. मुंडकाराने भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, भाटात झोपडी बांधून राहावे, माड राखावे, आणि भाटकाराची मर्जी फिरली की बिऱ्हाड उचलावे, अशी रीत होती. गावाची संमती म्हणून जे काही होते ते गावातील थोड्या घराण्यांची संमती होते. म्हणूनच पोर्तुगीज सत्तेपासूनच्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीने १९६४ चा कुळकायदा आणला, पुढे शशिकला काकोडकरांच्या काळात १९७५ मध्ये मुंडकारांना संरक्षण आणि १९७६ मध्ये कसेल त्याला जमीन मिळाली, तेव्हा बहुजनसमाजाला हायसे वाटले ते योग्यच होते. तथापि या न्याय्य सुधारणेतून एक पोकळीही निर्माण झाली. कोमुनिदादचे उत्पन्न आटले, बांधांची जबाबदारी नव्या कूळ-संघांवर आणि सरकारी खात्यावर आली, संघ दुबळे निघाले, आणि जो बांध शतकानुशतके गावाच्या धाकाने टिकला होता तो आता अंदाजपत्रकातील तरतुदीची वाट पाहू लागला. मानशीचा ठेका घेणाऱ्यांना बांध फुटलेलाच बरा वाटू लागला, कारण खारे पाणी आत आले की भात जाते पण मासळी वाढते. गावाची जुनी सभा गेली. नवी सभा अजून तयार झाली नव्हती. नेमक्या या अंतरात जमिनीवर नकाशा आला.

१९६८ च्या जमीन महसूल संहितेने शेतजमीन बिगरशेती करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याची सनद आवश्यक ठरविली. ‘एक-चौदा’ या जमिनीच्या उताऱ्यावर कसणाऱ्याचे नाव चढू लागले. १९७४ मध्ये नगर व ग्राम नियोजन कायदा झाला, आणि त्या कायद्यान्वये १९८६ साली गोव्याचा पहिला प्रादेशिक आराखडा, इ. स. २००१ पर्यंतच्या मुदतीचा, अधिसूचित करण्यात आला. प्रादेशिक आराखडा म्हणजे वस्तुतः साऱ्या राज्याचा एक रंगीत नकाशा: अमुक रंगाचा भाग वस्तीचा, तमुक रंगाचा भातशेतीचा, हा बागायतीचा, तो उद्योगाचा, आणि हिरवा पट्टा निसर्गसंरक्षणाचा. दिसावयास ही निरुपद्रवी कारकुनी वाटते. परंतु एकाच डोंगरउतारावरील लगतच्या दोन तुकड्यांपैकी एकावर वस्तीचा रंग चढला आणि दुसऱ्यावर न चढला, तर पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पटींनी वाढते. कोणतेही श्रम न करता, एक वीटही न रचता, केवळ खात्यातील नकाशावर कुंचला फिरल्याने संपत्ती उत्पन्न होते. जिथे अशी संपत्ती उत्पन्न होते तिथे राजकारण आपले ठाण मांडणारच. नगरनियोजन हे दुय्यम खाते समजले जाण्याचे दिवस गोव्यात लवकरच सरले. मंत्रिमंडळाच्या वाटपात ज्या खात्यांसाठी रस्सीखेच होते त्यांत त्याची गणना होऊ लागली.

मागणीही वाढत होती. पर्यटनाने किनारा जगभर प्रसिद्ध केला, आणि मुंबई-दिल्लीच्या धनिकांना गोव्यात एखादे घर असावे असे वाटू लागले. वर्षातून चार दिवस उघडावे आणि उरलेले दिवस बंद ठेवावे, असे घर. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास भरली आणि तिच्यातील बासष्ट टक्के लोक नागरी वस्तीत राहणारे निघाले. भारतातील सर्व राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच गणनेत राज्यातील घरांपैकी सुमारे पंचमांश घरे रिकामी आढळली. डोक्यावर छप्पर नसलेल्यांसाठी जमीन मोकळी करावयाची आहे, हे वस्तीविस्ताराचे समर्थन या एका आकड्यापुढे लटके पडते.

गोव्यातील जनता रस्त्यावर उतरण्यास नवखी नव्हती. १९६७ च्या सार्वमताने महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की नाही याचा निवाडा तिने मतपेटीतून दिला होता. महाराष्ट्रीय वाचकाला हा प्रसंग आजही किंचित बोचतो, पण आपल्या भूमीचे भवितव्य दूरच्या राजधानीत ठरू नये ही त्यामागील भावना पुढील चाळीस वर्षांच्या आंदोलनांतही वाहत राहिली, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सत्तरीच्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध रापणकार, म्हणजे पारंपरिक मच्छीमार, उठले. १९८६ मध्ये गोवा फाउंडेशनची स्थापना झाली आणि पर्यावरणाचे तंटे न्यायालयात नेण्याची परंपरा सुरू झाली. कोकण रेल्वेचा मार्ग खाजनांतून आणि दाट वस्तीच्या किनारपट्टीतून न्यावा की अंतर्भागातून, यावर नव्वदीच्या आरंभी असा वाद पेटला की केंद्राला एका न्यायमूर्तीची चौकशी बसवावी लागली. फोंडा तालुक्यातील केरीच्या पठारावर यावयाचा नायलॉनचा कारखाना ग्रामस्थांनी १९९५ मध्ये परतवून लावला. त्या झगड्यात पोलिसांच्या गोळीने एका तरुणाचा प्राण गेला. हे सारे लढे एकेका प्रकल्पाविरुद्धचे होते. शत्रू दिसत होता. त्याला नाव, फाटक आणि कुंपण होते.

१० ऑगस्ट २००६ रोजी इ. स. २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला, तेव्हा प्रथमच असा शत्रू पुढे आला की जो साऱ्या गोव्यात एकाच वेळी पसरलेला होता आणि तरीही कोठे दिसत नव्हता. मसुदा आणि सूचना-हरकती यांचा विधी उरकलेला होता. राजपत्रात छापून आल्यावर सामान्यतः अशा गोष्टींवर पडदा पडतो. पण काही वास्तुविशारद, वकील आणि कार्यकर्ते यांनी नवे नकाशे जुन्या नकाशांशेजारी ठेवून पाहिले, आणि बागायती, डोंगरउतार, झाडीचे पट्टे आणि खाजनांच्या कडा यांवर जागोजागी वस्तीचा रंग चढल्याचे त्यांना आढळले. त्यांनी जे केले ते वरकरणी अगदी रुक्ष होते: तालुक्यांचे नकाशे मोठे करून सभांतून भिंतीवर टांगले आणि लोकांना आपापला गाव शोधावयास सांगितले. माणसाला ‘पर्यावरण’ या शब्दाने जाग येत नाही. आपल्या घरामागच्या डोंगरावर, ज्याच्या झऱ्यावर विहीर चालते त्या डोंगरावर, परक्या वसाहतीचा रंग चढलेला पाहिला म्हणजे ती येते. ज्या आराखड्याची घडणच त्याची भाषा सर्वसामान्यांना कळू नये अशी होती, तो आराखडा हॉटेलांच्या कट्ट्यांवर आणि चर्चच्या पायऱ्यांवर चर्चिला जाऊ लागला.

त्यातून गोवा बचाव अभियान उभे राहिले. डॉ. ऑस्कर रिबेलो हे व्यवसायाने वैद्य, पण वक्तृत्वाने सभा बांधून ठेवणारे गृहस्थ त्याचे निमंत्रक झाले. वास्तुविशारद, प्राध्यापक, ग्रामीण कार्यकर्ते आणि चर्चच्या सामाजिक न्याय व शांतता परिषदेशी संबंधित मंडळी त्यात एकत्र आली. १८ डिसेंबर २००६ रोजी, म्हणजे मुक्तिदिनाच्या पूर्वदिनी, पणजीच्या आझाद मैदानावर हजारो लोक जमले आणि आराखडा रद्द करावा अशी एकमुखी मागणी झाली. निवडणूक सहा महिन्यांवर आली होती. प्रतापसिंह राणे हे मुरब्बी मुख्यमंत्री. मैदानावर कोण जमले आहे हे त्यांनी अचूक ओळखले. त्या गर्दीत पणजी-मडगावचा इंग्रजी बोलणारा सुशिक्षित वर्ग होता आणि सासष्टी-तिसवाडीचा शेतकरीही होता, आणि हे दोन वर्ग एका मांडवाखाली गोव्यात क्वचितच येतात. २६ जानेवारी २००७ रोजी, प्रजासत्ताकदिनीच, आराखडा मागे घेण्याची घोषणा झाली. अधिसूचित झालेला साऱ्या राज्याचा विकास-आराखडा जनतेच्या दडपणाखाली सहा महिन्यांच्या आत सरकारने मागे घ्यावा, असे उदाहरण भारतात दुर्मीळ आहे.

यश इतके झटपट मिळाले की त्याच्या मर्यादा तपासण्यास कोणाला उसंत मिळाली नाही. त्याच वर्षअखेर विशेष आर्थिक क्षेत्रांविरुद्धच्या चळवळीपुढेही सरकारने माघार घेतली, आणि गोव्याची जनता अजिंक्य आहे असा भास काही काळ निर्माण झाला. त्या काळातील लेख वाचताना आज त्यांतील हर्ष थोडा अनाठायी वाटतो, तरी तो हर्ष समजण्यासारखा होता.

दिगंबर कामत यांच्या नव्या सरकारने आराखडा नव्याने करण्यासाठी कृतिदल नेमले. मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष, आणि उपाध्यक्षपदी चार्ल्स कोरिया: चार दशकांपूर्वी शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्यासह मुंबईच्या खाडीपलीकडे नवी मुंबई वसवावी असे सुचविणारे, आणि पणजीत मांडवीकाठी कला अकादमीची वास्तू उभारणारे कोरिया. अभियानाशी संबंधित व्यक्तींनाही त्या दलात स्थान मिळाले. त्यांनी केलेल्या कामाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे माझे मत आहे. २००८ मध्ये तयार झालेला इ. स. २०२१ पर्यंतचा मसुदा केवळ राजपत्रात न छापता गावागावाच्या नकाशांसह पंचायतींकडे पाठविण्यात आला, आणि ग्रामसभांना सांगण्यात आले की हा तुमचा गाव, यात काय चुकले आहे ते लिहून पाठवा. झरे कोठे आहेत, पाणंद कोणती, बांध कोठून जातो, देवराई कोणती, कोणता डोंगर पावसात घसरतो, याच्या नोंदी गावकरी करू लागले. जे ज्ञान मेशियाने १५२६ मध्ये वसुलीसाठी गांवकारांकडून लिहून घेतले होते, त्याच जातीचे ज्ञान आता संरक्षणासाठी मागविले जात होते. आणि या वेळी सभेत गांवकाराबरोबर कूळ, मुंडकार आणि स्त्री यांनाही आवाज होता. जुन्या गांवकारीहून ही ग्रामसभा मला पुष्कळ श्रेष्ठ वाटते. तिच्या हाती जुन्या सभेची सत्ता तेवढी नव्हती.

त्याच सुमारास ग्रामसभांतून आणखी एक वादळ उठले. दीडशे-दोनशे उंबऱ्यांच्या गावात तेवढ्याच किंवा त्याहून अधिक सदनिकांचे संकुल उभे राहणार, अशा प्रकल्पांना गोव्यात ‘मेगा प्रोजेक्ट’ म्हणतात. त्यांना पंचायतीने परवाना का दिला, पाणी कोठून आणणार, सांडपाणी कोठे सोडणार, असे प्रश्न रविवारच्या सभांत सरपंचांवर कोसळू लागले. या सभांची इतिवृत्ते गोव्याच्या ग्रामीण राजकारणाचे अमोल साधन आहेत. त्यांत कधी कधी एक कटू सूरही ऐकू येतो. बिल्डर परप्रांतीय, खरेदीदार परप्रांतीय, गवंडी परप्रांतीय, म्हणून सारा राग ‘भायल्यां’वर काढण्याची प्रवृत्ती बळावली, आणि तो राग दिल्लीच्या धनिकापर्यंत न पोहोचता बांधकामावरील कर्नाटकी किंवा झारखंडी मजुराच्या झोपडीशी थांबला. जमीन विकणारा बहुधा गोवेकरच होता, हे सत्य सभेत उच्चारण्याचे धैर्य थोड्यांनाच झाले. लिस्बन, लंडन किंवा मुंबईस स्थायिक झालेल्या वारसांनी वडिलोपार्जित भाट विकावे, कोमुनिदादच्या कारभाऱ्यांनी पडीक डोंगराचे भूखंड पाडावे, आणि १९९१ च्या कायद्याने बिगरशेती वापरास बंदी घातलेले कुळाचे भातशेतही रात्रीतून मातीने भरले जावे, या घटना बाहेरच्यांनी एकट्याने घडविलेल्या नाहीत.

अंतिम आराखडा २०१० आणि २०११ मध्ये तालुक्यांच्या टप्प्यांनी प्रसिद्ध झाला, तेव्हा गावांनी पाठविलेल्या सूचना आणि छापलेले नकाशे यांत तफावत असल्याच्या तक्रारी चोहोकडून आल्या. अभियानाला पुन्हा नकाशे मांडून बसावे लागले. सत्तांतरानंतर २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने हा आराखडा स्थगित ठेवला, आणि सहा वर्षे गोवा एका विचित्र त्रिशंकू अवस्थेत राहिला: जुना आराखडा मुदत संपलेला, नवा अमलात नसलेला, आणि निर्णय मात्र प्रतिदिनी होत असलेले. २०१८ मध्ये नियोजन व विकास प्राधिकरणाच्या हद्दीत पणजीभोवतीची गावे घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा सांताक्रूझ, कुडका, बांबोळी, ताळावली येथील ग्रामस्थांनी मोर्चे काढून ती गावे वगळावयास लावली. हद्दीत येणे म्हणजे पंचायतीचा अधिकार जाऊन प्राधिकरणाचा येणे, आणि चटईक्षेत्र वाढणे, हे आता शाळेतील मुलांनाही समजू लागले होते.

परंतु तोवर लढाईचे मैदान बदलले होते, आणि माझ्या मते या इतिहासाचे मर्म तेथे आहे. २००६ च्या आंदोलनाने राज्यकर्त्यांना एक धडा दिला. तो धडा त्यांनी अभियानाच्या अपेक्षेहून निराळ्या रीतीने आत्मसात केला. साऱ्या गोव्याचा नकाशा एकदम बदलला तर सारा गोवा एकदम मैदानावर येतो. मग नकाशा तसाच हिरवा राहू द्यावा, आणि कायद्यात असे कलम घालावे की एखाद्या जमीनमालकाने अर्ज केला की त्याच्या तेवढ्या तुकड्याचा रंग बदलता यावा. २०१८ मध्ये नियोजन कायद्यात १६-ब हे कलम आले; त्यान्वये कोणीही आपल्या जमिनीचे क्षेत्र बदलून मागू शकत होता. त्याला आव्हान मिळाले. २०२३ मध्ये १७(२) हे कलम आले. आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका आणि विसंगती दुरुस्त करणे हा त्याचा सांगितलेला हेतू. तक्रारदारांचे म्हणणे असे की चुकांच्या दुरुस्तीच्या नावाखाली भातशेते आणि बागायती खाजगी अर्जांवर एकामागून एक वस्तीक्षेत्रात जात होती. २०२४ मध्ये अशाच क्षेत्रबदलासाठी ३९-अ हे कलम आले. खाजनाचा बांध बहुधा महापुराने फुटत नाही, खेकड्यांच्या बिळांनी तो आतून पोखरला जातो. आणि बिळाविरुद्ध मोर्चा काढता येत नाही, हे ही कलमे रचणाऱ्यांनी चांगले जाणले होते.

विखुरलेल्या अन्यायाचे वैशिष्ट्य हे की तो प्रत्येक वेळी लहान असतो. एका गावातील चार हजार चौरस मीटरच्या फेरबदलासाठी दुसऱ्या गावाचा माणूस आझाद मैदानावर येत नाही. त्याच गावातील माणूसही शेजाऱ्याशी वैर नको म्हणून गप्प बसतो. त्यामुळे अभियानाचे रूप बदलले. २००६ चा तो जनसागर ओसरला. उरले ते नकाशे वाचता येणारे थोडे लोक, माहितीच्या अधिकाराखाली फायली मागविणारे आणि उच्च न्यायालयाच्या तारखा सांभाळणारे. काही टीकाकार याला चळवळीचा ऱ्हास म्हणतात. मला तो ऱ्हास वाटत नाही. लोकांचा उत्साह मोसमी असतो, आणि सत्तेचे दफ्तर बारमाही चालते, तेव्हा दफ्तराला उत्तर देणारे दुसरे दफ्तर समाजात असावे लागते. गोवा फाउंडेशन आणि अभियान यांनी नेटाने चालविलेल्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये १७(२) खाली केलेले नियम रद्दबातल ठरविले आणि त्या कलमाची व्याप्ती आकुंचित केली. तुकड्यातुकड्याने होणारा बदल साऱ्या आराखड्याचा पायाच उखडू शकतो, हा याचिकाकर्त्यांचा मूळ मुद्दा त्यात न्यायासनासमोर टिकला.

३९-अ हे कलम मात्र त्या निकालानंतरही कायद्यात राहिले. त्यान्वये बदलाची सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि हरकतीसाठी तीस दिवसांची मुदत मिळते. सर्व्हे क्रमांक, उपविभाग, क्षेत्रफळ, सध्याचा रंग आणि मागितलेला रंग, एवढेच त्या सूचनेत असते. त्या क्रमांकाच्या जमिनीवर झरा आहे की आमराई, हे तेथे नमूद नसते, आणि ते हरकत घेणाऱ्याने पुराव्यानिशी मांडावयाचे असते. त्यामुळे पेडण्यापासून काणकोणपर्यंत अनेक गावांत आता एखादा निवृत्त शिक्षक, एखादी वकील मुलगी किंवा पंचायतीचा एखादा माजी सभासद राजपत्राच्या याद्या चाळून आपल्या गावाचे क्रमांक निराळे काढतो, तलाठ्याकडून एक-चौदाचे उतारे आणतो, त्या जागेवर जाऊन विहिरी आणि झाडे मोजतो, आणि तीस दिवस भरण्याच्या आत पणजीच्या नगरनियोजन खात्याच्या आवक-खिडकीवर हरकतीचा अर्ज देऊन त्याची पोच घेतो.